अर्थसंकल्पाचा ताप

राज्याच्या अर्थसंकल्पाने ज्याला खरोखर ताप येतो, म्हणजे काखेत थर्मामीटर धरून मोजता येईल असा ताप, असा पृथ्वीतलावर एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. अर्थसंकल्प मांडायच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मामांचे डोळे लाल होतात, अंग कसकसायला लागतं आणि तोंडाची चव जाते. विद्यानगरातले त्यांचे डॉक्टर सुरुवातीला रक्त तपासायला पाठवायचे. आता ते नाडीलाही हात लावत नाहीत. "बजेट कल है क्या?" एवढंच विचारतात आणि गोळ्या लिहून देतात. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांचं भाषण संपलं की ताप आपोआप उतरतो, कारण त्यानंतर मामांचं भाषण सुरू होतं.

मामांचे वडील निजामाच्या अमदानीत बिलोलीकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबादेत आले. मामा इथेच जन्मले, इथेच वीज खात्यात मीटर तपासनीस झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या घरातली फिरती चकती बघून बघून त्यांचा असा पक्का समज झाला की कुठेतरी काहीतरी कायम वाया जात असतं. सरकारने कर कमी घ्यावा, खर्च त्याहून कमी करावा आणि उरलेल्या वेळात गप्प बसावं, हा त्यांचा राजकीय विचार. सरकार कुठल्या पक्षाचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सगळ्यांवर ते सारख्याच निष्ठेने रागावतात. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, तुमची पेन्शनही सरकारी खर्चातच येते ना?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे, एखाद्याच्या मीटरचं सील तुटलेलं दिसावं तसं पाहिलं. "जावईबापू, ती पेन्शन नाही. तो माझा पगार आहे. सरकार उशिरा द्यायलंय, एवढंच."

मी पुण्याचा. नोकरीसाठी हैदराबादेत आलो, इथेच लग्न झालं आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी सुट्टी काढावी लागते हे लग्नानंतर कळलं. त्या दिवशी मामांच्या बैठकीच्या खोलीत सभागृह भरतं. मामा विरोधी पक्ष. माझी बायको सत्ताधारी पक्ष, कारण ती लहानपणापासून मामांना उलट बोलते. पुण्याच्या माणसाला कुणाची बाजू न घेता नाक मुरडता येतं, अशी मामांची समजूत असल्यामुळे मी सभापती. माझ्यापुढे देवघरातली घंटा ठेवलेली असते. मामांचं भाषण लांबलं की ती वाजवायचा मला अधिकार आहे, पण तो मी एकदाच वापरला. मामांनी तेवढ्यावरून सभात्याग केला आणि घर त्यांचंच असल्यामुळे थेट गच्चीवर जाऊन बसले. चहा घेऊन समजूत काढायला सभापतींना जावं लागलं.

या सगळ्यात मामींना कुठलाच पक्ष नव्हता. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून थोडं ऐकायच्या आणि कुकरची शिट्टी झाली की आत जायच्या.

तर एका वर्षी अर्थसंकल्पात कर वाढले. गाड्यांवरचा वाढला, घराच्या नोंदणीचं शुल्क वाढलं, दारूवरचाही वाढला. मामा इतके तापले की त्यांनी उभं राहून भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्र पुढे घेऊन बसले आणि या करवाढीचा आपल्यावर नेमका किती बोजा पडला ते शोधायला लागले. गाडी त्यांच्याकडे एकच, जुनी स्कूटर, आणि तिचा कर तिच्या जन्माच्या वेळीच भरून झालेला. घर आधीच घेतलेलं. दारूला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ते हुंगून घेतात. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की या एवढ्या मोठ्या करवाढीतला एक पैसाही त्यांच्यावर पडत नाही. दुसरा कुणी सुखावला असता. मामांना अपमान वाटला.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला होता. "चाळीस वर्षं मी या करांवर बोलायलोय," ते म्हणाले, "आणि यांनी मला वगळलं. उद्या कुणी विचारलं, तुमचं काय गेलं, तर मी काय सांगू?"

"मग काय करायचं म्हणता?"

"कर भरायचा. आधी भरायचा, मग बोलायचं. तुम्ही गाडी काढा."

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, विद्यानगरात कुणी बघू नये म्हणून, आम्ही मलकपेठेत दारूच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिलो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन होतं. नंबर आला तेव्हा त्यांनी सर्वांत लहान बाटली मागितली, आणि ती हातात न घेताच पावती मागितली. तीत मालाची किंमत वेगळी आणि कर वेगळा दाखवलेला हवा होता. जाळीमागच्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या धंद्यात त्याने नाना तऱ्हा पाहिल्या असतील, पण प्यायच्या आधीच असं बोलणारा बहुधा पहिलाच. मामा त्याला समजावून सांगायला लागले. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा ते रांगेकडे वळले आणि तिलाच समजावून सांगायला लागले. तुमच्या प्रत्येक घोटात सरकारचा घोट किती, तो पैसा जातो कुठे, फुकटच्या योजनांवर कसा उधळला जातो, वगैरे. दख्खनी उर्दूत बोलले की मामा मराठीपेक्षा फार बरे बोलतात. रांग हळूहळू ऐकायला लागली.

आमच्या मागे एक रंगारी उभा होता. रंगारी हे त्याच्या कोपरापर्यंतच्या निळ्या ऑइलपेंटवरून कळत होतं. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "तो चचा, मैं पीना छोड़ दूँ बोलते?"

मामांना असा श्रोता जन्मात भेटला नव्हता. "छोड़ दो. आजच छोड़ दो. पैसा नै आया तो सरकार खर्चा कायसे करती?"

रंगारी विचारात पडला. रांग थांबली. जाळीमागचा माणूसही थांबला. मग रंगारी म्हणाला, "नै चचा. मेरी घरवाली रोज बस में जाती, फोकट में. लोगों के घर काम पे जाती. वो बस मेरे इसीच पैसे पे चलती ना? उसको मालूम बी नै. मैं छोड़ दिया तो वो पैदल जाती."

आणि त्याने मोठ्या रुबाबात, घरची जबाबदारी पार पाडणाऱ्या माणसासारखी, दोन बाटल्या घेतल्या. रांगेतल्या दोघातिघांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. मामांनी आपली बाटली घेतलीच नाही. पैसे मात्र जाळीतून आत सरकवले आणि ते गाडीत येऊन बसले.

आम्ही घरी आलो. दार उघडलं तेव्हा मामी बाहेर निघाल्या होत्या. खांद्याला पर्स, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आधार कार्ड. बायकांना बसचा प्रवास मोफत झाल्यापासून मामी बदलल्या होत्या, आणि हे मामा सोडून आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आधी त्या नामपल्लीच्या प्रदर्शनाला जाऊन आल्या. मग मलकपेठेत एका मैत्रिणीकडे जायला लागल्या. पुढे पुढे तर समोर येईल त्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं, तिथे जरा हिंडायचं आणि त्याच बसने परतायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. परत आल्या की जेवताना सांगायच्या: अमक्या स्टॉपवर एक बाई पिंपळाखाली कैऱ्या विकते आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की कानातलं यंत्र काढून ठेवते; तमक्या बसचा ड्रायव्हर एका मशिदीशी हमखास शिंकतो. मामा जेवताना मान खाली घालून ऐकायचे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

त्या दिवशी मात्र मामा दारातच म्हणाले, "आजपासून तू त्या बसनं जायचं नाही. आपल्या घरची बाई परक्या माणसाच्या दारूवर हिंडायलीय."

मामींना अर्थातच काही कळलं नाही. मी थोडक्यात रंगाऱ्याची हकीकत सांगितली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "भला माणूस दिसतोय."

"जायचं असेल तर तिकीट काढून जा," मामा म्हणाले. "कार्ड दाखवू नको. पैसे मी देतो." आणि त्यांनी खिशातून दहा-दहाच्या नोटा काढून पुढे धरल्या.

मामींनी पर्स खुंटीला लावली. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुमच्याकडे रिक्षाचे पैसे मागितले. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. पण दर वेळी विचारलंत, कुठं, कशाला, किती वेळ. बसमधली ती कंडक्टर बाई कार्ड बघती आणि तिकीट देती. कशाला चाललाव, हे तिनं एकदासुद्धा विचारलं नाही. पैसे मागून जायचं असेल तर मला कुठं जायचंच नाही." आणि त्या आत जाऊन भाजी निवडायला बसल्या.

मामींनी शब्द पाळला. त्या खरंच कुठे गेल्या नाहीत. रुसवा नव्हता, जेवण वेळेवर, चहा वेळेवर, विचारलेल्याला उत्तर. पण जेवताना सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मामा दोन दिवस आपल्या करवाढीवर पुरवून पुरवून बोलले, तिसऱ्या दिवशी तीही संपली. आम्ही रविवारी गेलो तर दोघं समोरासमोर जेवत बसलेले आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. वर्तमानपत्रात अर्थसंकल्पावरची चर्चा छापून येत होती, मामा ती वाचत नव्हते. माझी बायको मुद्दाम म्हणाली, "मामा, सरकारनं आणखी एक योजना जाहीर केलीय." मामा म्हणाले, "करू दे."

हे ऐकून मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

तीन आठवडे असे गेले. मग एका मंगळवारी मामा सकाळीच कुणाला न सांगता बाहेर पडले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. स्टॉपवर आले, समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये चढले, पुरुषमाणूस म्हणून पूर्ण तिकीट काढलं आणि शेवटच्या स्टॉपला उतरले. तिथे जरा हिंडले. त्याच बसने परतले. हे मला मामींनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

दुपारी जेवायला बसल्यावर मामांनी घसा साफ केला आणि बातम्या द्याव्यात तसं सांगायला सुरुवात केली. अकरा खांबांवरचे दिवे भर दिवसा जळत होते. एका दुकानाचा मीटर उलटा बसवलेला होता. रस्ता दोनदा खणून तीनदा बुजवलेला दिसत होता.

"आणि?" मामींनी विचारलं.

"आणि काय?"

"पिंपळाखाली बाई दिसली का? कैऱ्यावाली?"

मामांनी आठवून पाहिलं. पिंपळ दिसला होता. त्याच्यावरून एक तार धोकादायक गेली होती. "बाई नाही दिसली."

"मशिदीशी ड्रायव्हर शिंकला?"

"माझं लक्ष नव्हतं."

मामींनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. "मग गेलात कशाला?" त्या म्हणाल्या.

मामा आमटीत भात कालवत राहिले. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना उलट कुणी विचारला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "घरात करमत नाही गं." मामींच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर मामांनी अर्थव्यवस्थेविषयी नसलेलं उच्चारलेलं हे सर्वांत लांब वाक्य. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मामींनी खुंटीवरची पर्स खांद्याला लावली, आणि मामा त्यांच्या मागोमाग चपला घालून निघाले. कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.

मामांचं मत बदललं असं मात्र कुणी समजू नये. मागच्या अर्थसंकल्पालाही त्यांना रीतसर ताप आला, रीतसर उतरला, आणि खर्चावर ते असे बरसले की सत्ताधारी पक्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, मध्येच पाणी प्यावं लागलं. मी सभापतींच्या अधिकारात त्यांना मोफत प्रवासाबद्दल विचारलं. "धोरण साफ चुकीचं आहे," मामा म्हणाले. "त्या बसमध्ये इतकी गर्दी असती की तिकीट काढलेल्या माणसाला उभं राहावं लागतंय." मामी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. कुकरची शिट्टी झाली, तरी त्या आत गेल्या नाहीत.

परवा ऑफिसला जाताना सिग्नलला माझ्या शेजारी एक सिटीबस येऊन थांबली. पुढे बायकांच्या जागेवर खिडकीशी मामी बसल्या होत्या. मागे, पुरुषांच्या गर्दीत, वरचा दांडा धरून मामा उभे होते. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात. बस हलली की ते जरा झुकून उभे राहतात. दोघांच्या मध्ये वीस-पंचवीस माणसं होती. मामींना बाहेर काहीतरी दिसलं असावं. त्या वळल्या, गर्दीतून मामांना शोधलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. मामांनी वाकून पाहिलं, मान इकडे केली, तिकडे केली. मध्ये कुणाची तरी पाठ होती. त्यांना काही दिसलं नाही, हे मला इकडून स्पष्ट कळत होतं. पण मामी अजून त्यांच्याकडेच बघत होत्या, तेव्हा मामांनी, दिसलं, अशी मान डोलावली. मामी समाधानाने पुढे वळल्या आणि सिग्नल सुटला.