रुमालाखालचा बाजारभाव

मंडळी, आज उंद्रीहून आले ती हसतच.

तिथल्या बायकांच्या शेळीपालन कंपनीत एक परदेशी कंपनी भांडवल घालणार आहे. अट एकच, हिशोब आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हवा. म्हणजे शेळ्या खरेदीच्या किमतीनं नाही, आजच्या बाजारभावानं दाखवायच्या. मी त्यांची अकाउंटंट. भाव ठरवायला बाजारातले जुने व्यापारी रहीमचाचा यांना गोठ्यावर बोलावलं.

चाचा एकेक शेळी निरखत होते, मी वही घेऊन मागे.

"चाचा, भाव सांगा ना."

"जे जनावर विकायचं नाही, त्याचा भाव तोंडानं सांगत नसतात बेटा. नजर लागते. हात दे इकडे."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खाली बोटं दाबली, गुरांच्या बाजारात सौदा करतात तशी. किती बोटं दाबली म्हणजे किती रुपये, हा हिशोबही त्यांनीच शिकवला. मग मी भराभर लिहीत गेले.

शेवटी आकडे पाहून अध्यक्ष सुमनताई शेळ्यांकडे बघतच राहिल्या. "माह्या शेळ्या येवढ्या मोलाच्या हायेत, मले मालूमच नव्हतं."

आता अहवालात भाव कसा ठरवला ते लिहायचंय. 'रुमालाखाली' असं लिहिलं तर चालेल ना?