जीपचं कॅरिअर आणि आईचा फणस

गाडीवाल्या मित्रांनो, एक प्रश्न आहे, पण आधी आजचा किस्सा.

जीपच्या टपावर लावायला कॅरिअर घ्यायचं म्हणून आज डोंबिवलीहून कल्याणला गेलेलो. सोबत आई. मला सपाट, बिनकठड्याचं कॅरिअर आवडलेलं. व्हिडिओत सगळे त्याच्यावरच तंबू बांधतात.

दुकानदाराने विचारलं, "वर ठेवणार काय?"

मी म्हटलं, "तंबू."

आई म्हणाली, "फणस."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. आईने सपाट कॅरिअरवरून हात फिरवला. "ह्याच्यावरून घाटात घरंगळेल रे. दर मे महिन्यात गावाहून येताना फणस आणि तांदळाचं पोतं माझ्या पायाशी असतं. गुडघे पोटाशी घेऊन बसते मी. आणि तंबू घेतलायस कुठे अजून?"

तंबू खरंच घेतलेला नाही. कठडा असलेलं कॅरिअर बसवून घेतलं.

परत येताना आईने पाय लांब केले. मला बरं वाटलं. पत्रीपूल आला. तशी ती पायाशी वाकून बघत म्हणाली, "आता इथे आंब्याच्या दोन पेट्या आरामात मावतील."

तर प्रश्न असा, कॅरिअर लावल्यावर कोणाच्या गाडीत खरंच जागा झालीय का?