बनियनने पुसलेला प्रोसेसर

प्रोसेसर पुसायचा नसतो, हे मला तो पुसल्यावर कळलं.

झालं असं, की लातूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या पल्लवीचा दुपारी फोन आला. "पप्पा, घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमधली कॅशची साइज पाहिजे. पाचच्या आत प्रॅक्टिकल जमा करायचंय, न्हाईतर मार्क गेले!"

"कॅश म्हंजी?"

"प्रोसेसरला घडीघडी लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा. तीन असतात."

"माझ्या मिसळणाच्या डब्यासारखं!" फोडणी देता देता मंगल (आमच्या सौ.) म्हणाली. म्हणजे तिला कळलं. मला काहीच कळलं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "लई सोपं हाय, सांगतो!" आणि पोरगी पुढचं बोलायच्या आत फोन ठेवला.

आता आमच्या घाटनांदुरात बैल घेतानासुद्धा तोंड उघडून दात बघतात. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. खोका उघडला, पंखा काढला. खाली प्रोसेसर, आणि त्याच्यावर हा राखाडी मळ! जुन्या बनियनने घासून चकाचक केला. अक्षरं दिसली, साइज कुठंच नाही! पुन्हा फोन.

"पप्पा, तो मळ न्हाई, पेस्ट हाय! तिच्यानंच तो थंड राहतो! अन् उघडला कावून? साइज स्क्रीनवर दिसती!"

साडेचार वाजलेले. पंखा बसवून बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला, तापला, गपकन बंद पडला. थोडं थांबून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच!

"बंद पडायच्या आत कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा!" पल्लवी फोनवर ओरडत होती. "मग परफॉर्मन्सवर जावा!"

मी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि तिने सांगितलेल्या कळा दाबल्या. तेवढ्यात मंगल सूप घेऊन आली आणि उघड्या खोक्याला दणादण वारा घालायला लागली. "आता वाचा!"

"चष्मा कुठं हाय माझा?"

"कपाळावर! सरका तिकडं!" सूप माझ्या हातात कोंबून तिने स्क्रीनला नाक लावलं. "पल्लू, लिही! एल वन, दोनशे छप्पन्न केबी! एल टू, एक एमबी! एल थ्री... अहो, वारा घाला की! सहा एमबी!"

स्क्रीन काळी झाली. फोनमधून आवाज आला, "भरलं, आई!" (पप्पांचा उल्लेख नव्हता.)

संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत मंगल एवढंच म्हणाली, "अहो, उद्या मला ताप आला, तर थर्मामीटर लावा. डोकं उघडून बघू नका."