तुम्ही तर छान बोलता, मॅडम

देवरीला आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. विषय होता वर्गातली वेगळी मुलं. शिकवायला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. एक गोरापान मुलगा भिंतीकडे तोंड करून बसलेला. इतका गोरा मुलगा आमच्या तालुक्यात कुणी पाहिला नसेल, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

"याला ऑटिझम म्हणतात, म्हणजे स्वमग्नता," साहेब म्हणाले. "ही मुलं बोलत नाहीत, डोळ्यांत बघत नाहीत, त्यांना कुणाची माया नसते. गणितात मात्र फार हुशार."

मला गणित येत नाही. दहावीत ते मी जेमतेम सोडवलं आणि नंतर त्याच्या वाटेला गेले नाही. डोळ्यांत बघायचं म्हणाल, तर मी त्या वेळी साहेबांकडेच बघत होते. खरं म्हणजे त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध. समोरच्याला फरक कळत नाही, हे मला लहानपणीच समजलं होतं. सभागृहातला पंखा करकरत होता. त्या करकरीत त्यांचं निम्मं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कुठला पंखा?"

त्या दिवशीचं सूत्रसंचालन मीच केलं होतं. आमच्या भागात शाळेचं संमेलन असो की कुणाचा निरोप समारंभ, माइक माझ्याच हातात देतात. मी हसते, कोपरखळ्या मारते, पाहुण्यांच्या आवाजातल्या चढउताराप्रमाणे माझा चेहरा बदलते. लोक म्हणतात, मॅडम जन्मजात बोलक्या आहेत.

जन्मजात काहीच नव्हतं. माझं माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका गावचं. धानकापणी झाली की गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक व्हायचं. दिवसाची मंडई मला सहन व्हायची नाही. नाटक मात्र फार आवडायचं. नाटकात एका वेळी एकच माणूस बोलतो. त्याचं संपलं की पुढची पाळी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रागावलेली बाई हात कुठे ठेवते, लाजणारी मान किती वाकवते, हे सगळं मी बघून ठेवायचे आणि सकाळी अंगण सारवताना करून बघायचे. बाकीच्या पोरीही नकला करायच्या, पण गंमत म्हणून. मला ते वापरायचं होतं. माझी आत्या गेली तेव्हा मला दुःख झालं होतं, पण ते चेहऱ्यावर येईना. मग मी दुसऱ्या अंकातल्या नायिकेसारखी रडले. बाया म्हणाल्या, पोरीची आत्यावर किती माया.

म्हणून प्रशिक्षणात मी हात वर केला. "साहेब, एखाद्यानं हे सगळं बघून बघून शिकून घेतलं असेल तर? बोलणं, डोळ्यांत बघणं, सगळं?"

साहेब हसले. "तुम्ही तर छान बोलता, मॅडम. तुम्हाला कसली काळजी? आणि तसं थोडं थोडं प्रत्येकातच असतं."

सभागृह हसलं. मीही हसले, बरोबर वेळेवर. जे थोडं थोडं प्रत्येकात असतं, त्याच्यासाठी दोन दिवस शिक्षकांना खुर्चीत कशाला बसवलं, हे मात्र साहेबांनी सांगितलं नाही.

त्यानंतर मी मोबाइलवर शोधायला लागले आणि तिथे आणखी वैताग आला. एका व्हिडिओत एक मुलगी ओठांचा चंबू करून हवेत बोट दाखवते आणि वर अक्षरं उमटतात, तुम्हाला कपड्यांचं लेबल टोचतं का? मग तुम्हीही त्यातल्याच. मला लेबलं टोचतात. ब्लाउजची शिवणसुद्धा टोचते, इतकी की शाळेत शिकवताना मला अर्धा वेळ माझी काखच आठवत असते. पण त्या मुलीच्या रांगेत उभं राहायची मला लाज वाटली. आपला तुसडेपणा झाकायला मी एखादं इंग्रजी नाव तर शोधत नाही ना, असंही वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मोठ्या नणंदेच्या धाकट्या मुलीचं लग्न गोंदियाला झालं. लॉनवर डीजे लावला होता. आवाज कानात नाही, दातांत लागत होता. मी वरमाला होईपर्यंत उभी राहिले, फोटोत हसले, मग मंडपवाल्यांनी खुर्च्यांची कव्हरं ठेवली होती त्या खोलीत जाऊन दार लावून बसले. नणंदेनं मला शोधून काढलं.

"काऊन वो, इथं कायले बसून राहिली?"

"डोकं दुखून राहिलं, बाई."

"तुझं डोकं दर लग्नात दुखते. मास्तरीन झाली तं मानसं नाई चालत तुले. घमंड आहे, दुसरं काई नाई."

हे मी वीस वर्षं ऐकत आले आहे. स्वयंपाकघरात चार बाया एकदम बोलायला लागल्या की मी भांडी घासायला घेते. तेव्हा मी कामसू असते. भांडी संपली की मी घमंडी होते.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो राइस मिलमध्ये काम करतो, दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतो. तो म्हणाला, "मला वाटायचं तू मुद्दाम करतेस. माझ्या लोकांना टाळायला."

"आणि आता?"

"आता डॉक्टरला विचारू."

गोंदियातल्या डॉक्टरांनी माझं म्हणणं ऐकता ऐकता तीन फोन घेतले. शेवटी म्हणाले, "मॅडम, आप टीचर हैं, शादीशुदा हैं, दो बच्चे हैं, मुझसे आँख मिलाकर बात कर रही हैं. ऑटिज़्म ऐसा थोड़ी होता है." त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि योगा करायला सांगितला. लग्न झालं म्हणजे आजार नाही, हे शास्त्र मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांच्याही भुवयांच्या मधेच बघत होते. इतका शिकलेला माणूस, त्यालाही कळलं नाही.

मला ते सोडून द्यायचं होतं. नवरा ऐकेना. त्यानंच नागपूरच्या एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. माझ्यापेक्षा वयानं लहान, शांत बोलणारी बाई. तिनं ट्यूबलाइट चालेल का, बंद करू का, असं आधी विचारलं. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिनं माझ्या आईला बोलावलं.

आई गावाहून आली, पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसली. "काई नाई मॅडम, लय शहानी होती पोरगी. कोनाच्या अध्यात ना मध्यात."

"जेवायला काही त्रास द्यायच्या का?"

"नाई. फकत वरन भाताले लागलं की जेवे नाई. मंग मी दोन ताटं वाढो."

"आणि गर्दीत?"

"मंडईत कानात बोटं घालून बसे. तिचा बाप तिले दूर नहराच्या पारीवर घेऊन जाये, तिथं सामसूम राहे. नवा फ्राक चार-पाच डाव धुऊन दिला तं घाले. आन कोनी एकदम हात लावला तं चिल्लावे, म्हनून घरात सांगून ठेवलं होतं, आधी आवाज द्या, मंग जवड जा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आई माझ्याकडे बघून त्यांच्याकडे वळली. "असं तं सगळ्याच पोरींचं राह्यते ना?"

"नाही, आजी."

आईला ते पटलं नाही. ती जरा रागानंच म्हणाली, "काऊन नाई? माह्यं बी तसंच होतं."

मी आईकडे बघितलं. लग्नकार्यात ती नेहमी चुलीजवळ असायची, पंगतीत कधी नाही. आम्ही म्हणायचो, आईला कामाचा सोस आहे.

बाई मला म्हणाल्या, "बऱ्याच गोष्टी त्याच दिशेनं जातात. पण तुम्ही झाकायला इतकं चांगलं शिकलात की नक्की सांगायला मला अजून काही भेटी लागतील. आणि ठरलं, तर तुम्हाला त्याचं काय करायचंय?"

मी एवढंच म्हणाले की निदान घमंडी हा शब्द तरी जाईल. त्या हसल्या नाहीत, हे मला बरं वाटलं.

पुढच्या भेटी व्हायच्या आहेत. मी स्वमग्न आहे की नाही, मला अजून माहीत नाही. माझ्याहून जास्त लोकांना माहीत आहे. शाळेच्या संमेलनाला मुख्याध्यापकांना मी सूत्रसंचालन करणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "काऊन मॅडम, कोनावर नाराज आहात का?"

"नाही सर. त्याचा त्रास होतो. दोन दिवस उठवत नाही."

"तुम्हाला? अहो, तुम्ही तर..."

ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. "सर, मागे बसते. नवीन मॅडमना द्या माइक." त्या मॅडमनी पाहुण्यांचं आडनाव दोनदा चुकवलं आणि सगळे माझ्याकडे वळून बघत राहिले. मी चेहऱ्याचं काहीही केलं नाही. तो सैल सोडून बसायला किती अवघड जातं, हे मला तेव्हा कळलं.

नवऱ्यानं बहुतेक घरी सांगितलं असावं, कारण मग नणंदेचा फोन आला. "तुले कोनती तरी बिमारी निघाली म्हनते?"

"बिमारी नाही, बाई. आणि नक्कीही नाही अजून."

"मंग तं बरं झालं. नातवाचा वाढदिवस आहे. गोंदियाले येजो."

"येते. पण गाणी लागली की मी निघेन. आधीच सांगते."

"लोक काय म्हनतील?"

"जे वीस वर्षं म्हणतात, तेच."

तिनं फोन ठेवला. मी गेले, बाळाच्या हातात खेळणं दिलं, नणंदेच्या शेजारी बसून जेवले. पोरं स्पीकरच्या वायरी जोडायला लागली तशी उठले. कुणाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं नाही. नणंद दारापर्यंत आली, तोंड वाकडं करून, आणि माझ्या हातात घरच्या पोरांसाठी लाडवांचा डबा देऊन आत गेली. मी स्टँडवर जाऊन घरी जायला देवरीची बस धरली आणि खिडकीशी बसले.