पंख चाचपणारा हात

एडिनबरा विमानतळावर पुरुषोत्तमने विमानाच्या पंखांवरचा बर्फ गरम द्रवाने धुऊन काढला, मग नवा धरू नये म्हणून दाट हिरवा द्रव फवारला. पण विमान रखडलं, बर्फ पडतच राहिला आणि त्या द्रवाचा असर टिकण्याची मुदत टळली.

"वरून थोडा मारा की," कॅप्टन म्हणाला.

हा काय वरणभात आहे, वरून तूप सोडायला? पुरुषोत्तम मनात चरफडला आणि पहिल्यापासून धुवायला लागला. काचेसारखा बर्फ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अकरा हिवाळे करत आला तसं हातमोजा काढून त्याने पंख चाचपला.

घरी पोचताच सुचेता म्हणाली, "अहो, तनूला ताप आहे का बघा."

त्याने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला; गरम की गार, बधिर बोटांना कळेना.

"तूच बघ," तो म्हणाला.