पाटावरून उठणं

योगासनांनी वजन उतरतं का, असं हल्ली मला कुणी विचारलं की मी सरळ सांगते, माझ्या आईचं चढलं होतं. विचारणारी खट्टू होते. तिला हवं असलेलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जे आहे ते सांगायला जरा वेळ लागतो.

आमचं गाव सांगलीला लागून. घर जैनांचं. शेती उसाची आणि हळदीची, शिवाय सांगलीच्या पेठेत वडिलांची अडत. आई अंगानं चांगलीच भरलेली होती. खात्यापित्या घरची आहे असं लोक म्हणत आणि त्यात कौतुकच असे. लढाईचे दिवस होते, साखर कार्डावर मिळायची, तेव्हा बाई जाड असली तर ते घराला शोभायचं. आईचा जाडेपणा पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यावर आला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात.

कन्यादानाला आईवडील पाटावर बसले. विधी लांबला. उपाध्यांनी उठायला सांगितलं तेव्हा वडील उठले, पण आईला उठता येईना. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर, तरी अंग हलेना. शेवटी व्याह्यांकडच्या दोन पुरुषांनी बगलेत हात घालून तिला उभं केलं. वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तिथेच अक्षता घेऊन उभी होते. त्या बायकांचा मला आजही राग येतो, आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

पाहुणे पांगल्यावर वडील एवढंच म्हणाले, "धाकटीच्या लग्नात तिचे काका-काकू बसतील." धाकटी म्हणजे मी. वडील वाईट नव्हते. चारचौघांत त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, इतकंच. पुढे एकदा पीठ चाळता चाळता आई मला म्हणाली, "तुमच्या शाळंत त्या बाई कायबाय शिकवत्यात न्हवं? मला शिकीव. तुज्या लग्नात मीच बसणार हाय."

त्या बाई साताऱ्याकडून आमच्या मुलींच्या शाळेत आल्या होत्या. त्यांच्या तिकडे मुलींनाही सूर्यनमस्कार घालायला लावत. नमस्कारांनी आणि आसनांनी चरबी झडते, अंग बांधेसूद होतं, असं त्या छातीठोकपणे सांगत. त्या स्वतः शेवग्याच्या शेंगेसारख्या होत्या, त्यामुळे आमचा लगेच विश्वास बसला. जन्मतःच कुणी शेंग असू शकतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

रोज पहाटे धान्याच्या खोलीत दार लावून मी आईला शिकवू लागले. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती उभी राही. नमस्कारातल्या साष्टांगाला छाती टेकायच्या आधी पोट टेके, मग दोघींना हसू आवरत नसे. "श्वास सोड," मी म्हणायची. "सोडला की गं कवाच," ती म्हणायची, "आता कुठनं आणू?" शेवटी साष्टांग आम्ही वगळला. मांड्यांना बळ देणारी आसनं घेतली, उत्कटासन घेतलं, आणि कणगीला धरून पाटावर बसायचं, उठायचं, हे आमचं आम्हीच जोडलं.

आता आजोबा. माझे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, तरुणपणी नावाजलेले पैलवान होते. धान्याच्या खोलीला लागून त्यांची खाट. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "आत कोन बैठका मारतंय गं? ह्यो दम बैठकांचा हाय." मी घाबरत खरं ते सांगितलं. सून व्यायाम करते म्हटल्यावर घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं होतं. ते उठून बसले. "आन् खुराक?" त्यांनी विचारलं. "खुराक कोन देतंय तिला? मेहनत करायची आन् खायाचं न्हाई म्हंजे अंग मोडून पडंल पोर."

आमच्या भागात मेहनत आणि खुराक हे दोन शब्द वेगळे नव्हतेच. ज्यानं घाम गाळला त्यानं दूध-तूप प्यायचं. मग तो घाम कशासाठी गाळला होता, याची चौकशी कुणी करत नसे. दुसऱ्या दिवसापासून आईसाठी म्हशीच्या दुधाचा तांब्या येऊ लागला. त्यात वाटलेले बदाम, वर तुपाचा गोळा. बदाम वाटायचं काम काकूकडे, म्हणजे माझ्या लग्नात पाटावर बसायची होती तिच्याकडेच आलं. काकू वाटता वाटता म्हणायची, "वैनी, उतरायचं हाय का चढायचं हाय, एकदा ठरवा बाई." आईनं एकदा धीर करून म्हटलं, "मामंजी, मला वजन कमी करायचं हाय, एवढं नगं." आजोबांनी हात झटकला. "वजन आपसूक बसतंय जागच्या जागी. पी."

अमावस्येला पेठ बंद असे. त्या दिवशी अडतीत कुणी नसताना मी आईला हळदीच्या पोत्यांच्या काट्यावर बसवलं. आधी एकदा बसवलं होतं, त्याहून वजनं जास्त घालावी लागली. मी वैतागले. तांब्या मोरीत ओत, आजोबांना कोण सांगायला जातंय, असं म्हणाले. आई काट्यावरून उतरली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "आजवर ह्या घरात माज्यासाठी म्हणून कुणी कायबी वाटलं नव्हतं. मी न्हाई ओतायची."

आमच्याकडे बायका शेवटी जेवत आणि उरेल ते जेवत. तो तांब्या तेवढा तिच्या एकटीच्या नावाचा होता. मला आईचं फार वाईट वाटलं, आणि घरातल्या सगळ्यांचा एकदम संतापही आला. नमस्कार आम्ही चालूच ठेवले.

माझं लग्न ठरलं, मुलगा साताऱ्याला नोकरीला. पाटावर कोण बसणार हे मात्र कुणी काढेना. वडिलांना आई पूर्वीपेक्षा जाडच दिसत होती, त्यात त्यांची चूक नव्हती. लग्नाच्या सकाळी काकू जरीचं लुगडं नेसून तयार होती. उपाध्यांनी मुलीच्या आईवडिलांना बोलावलं. काका पुढे होऊ लागले, तोवर आई मांडवातून चालत आली आणि पाटावर बसली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं. काकूनं काकांच्या उपरण्याला धरून त्यांना मागे ओढलं. वडील आईशेजारी बसले.

विधी याही वेळी लांबला. मंत्र माझ्या कानात शिरतच नव्हते. नवरा कसा निघतो याची मला काळजी नव्हती, आई कशी उठते याची होती. उठायला सांगितल्यावर वडील आधी उठले आणि त्यांनी हात पुढे केला. आईनं तो घेतला नाही. तिनं एक पाऊल टेकवलं, श्वास सोडला, आणि सरळ उभी राहिली. एकदाही जमिनीला हात लागला नाही.

कुणाचंच लक्ष गेलं नाही. वाजंत्री वाजत होती, बायका अक्षता वाटत होत्या, बाई पाटावरून उठली यात बघण्यासारखं काय असतं. आईला तेच हवं होतं. मला मात्र हुंदका आवरेना. सासरच्या बायका जवळ आल्या, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सातारा काय लांब न्हाई पोरी, कवाबी येशील आईकडं."