ग्ल्वारची उजवी बाजू

यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन आटोपल्यावर आणि बटाटेवडे वाटायच्या आधी, डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीने बी विंगमधल्या काकांवर अन्याय केला. सगळ्यांसमोर, माइकवरून, शाल-श्रीफळ देऊन केला. काकांचं नाव इथे नाही. "माझं घालू नकोस, जहाजाचं घाल," असं त्यांनी मला बजावलंय. तर जहाजाचं नाव ग्ल्वार. दुसऱ्या महायुद्धातली फ्रेंच क्रूझर, म्हणजे अवाढव्य युद्धनौकांहून लहान आणि त्यांच्याहून चपळ लढाऊ जहाज. काकांनी केलेली तिची प्रतिकृती तीन फुटांना जराशी कमी भरते.

काकांची वागळे इस्टेटमध्ये लॅब होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि काका त्यावरून कवळ्या करायचे. निवृत्त झाल्यावर तीच हत्यारं घरी आली आणि जहाजं सुरू झाली. ग्ल्वारच्या तोफा इंजेक्शनच्या सुयांच्या आहेत. डेकभोवतीचे कठडे दातांना लावायच्या तारेचे. "कवळी बसली नाही तर माणूस बोंबलत परत येतो," ते म्हणायचे. "जहाज बोंबलत नाही. म्हणून त्याला जास्त जपायचं."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलेली ती सही मागायला. पाण्याचं निवेदन होतं. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'सहा महिने नळाला थेंब नाही!' काकांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"थेंब नाही? मग मी आत्ता तुझ्यासाठी चहा कशाचा टाकलाय?"

"अहो काका, असं लिहावं लागतं. नाहीतर कोण वाचणार?"

"तोंड कुठाय?"

"म्हणजे?"

"कवळी करायला आधी तोंडाचा साचा लागतो. तुझ्या या वाक्याचं तोंड दाखव."

मी चिडलेच. लोकांसाठी उन्हातान्हात मी फिरायचं आणि यांनी चहा ढवळत खुसपटं काढायची! पण सही काही मिळेना. शेवटी घरोघरी जाऊन विचारलं. पाणी येत होतं, पण सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वर चढत नव्हतं. तेवढंच लिहिलं. पाणीखात्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी पहिल्यांदाच "तुम्ही लोक फार वाढवून सांगता" म्हटलं नाही. माणूस पाठवला, अडकलेला व्हॉल्व्ह सापडला. काका एवढंच म्हणाले, "बसली कवळी." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'आंदोलन' ठेवलं. दार उघडताना ओरडायचे, "या, आंदोलन! आज कोणाचा निषेध?"

तुम्हाला पडेल तोच प्रश्न मलाही पडलेला. डोंबिवलीत बसून फ्रेंचांची जहाजं कशाला? मी विचारलं तेव्हा ते एका सुईचं टोक घासत होते.

"इंग्रजांची, जर्मनांची, जपान्यांची जहाजं जगभर लोक करतात. फ्रेंचांच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. त्यांची कितीतरी जहाजं त्यांच्याच खलाशांनी बंदरात बुडवली, माहितीये? जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून. ज्या डेकवर रोज पोछा मारला तेच आपल्या हाताने बुडवायचं. कसं वाटलं असेल गं?" आणि मग लगेच, "ही नळी धर. श्वास रोखून. तू बोलताना फुंकतेस."

ग्ल्वार त्या बुडालेल्यांतली नव्हे. ती वाचली आणि पुढे तिच्या अंगावर झेब्र्यासारखे गडद-फिके पट्टे रंगवले गेले, जहाज नक्की कुठल्या दिशेला चाललंय हे शत्रूला कळू नये म्हणून. काकांच्या ग्ल्वारच्या डाव्या बाजूला ते सगळे पट्टे आहेत, प्रत्येक पट्टा फोटोवरून मोजून घेतलेला. उजवी बाजू मात्र साधी राखाडी होती. कठडे, दारं, शिड्या, होड्या सगळं जागच्या जागी, फक्त पट्टे नाहीत. कारण काकांना मिळालेले सगळे फोटो डावीकडून काढलेले. दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसायचे, त्यामुळे डावीकडचे उचलून उजवीकडे घालायची सोय नव्हती.

"काका, नेटवर आहे की उजवी बाजू. हे बघा!" मी मोबाइल पुढे केलेला.

"हे कोणीतरी केलेलं मॉडेल आहे. मॉडेलवरून मॉडेल करायचं म्हणजे कवळीवरून कवळी. तोंड कुठाय?"

उजवी बाजू तशीच राहिली. विचारणाऱ्याला ते सांगायचे, "मला माहीत नाही, म्हणून रंगवली नाही." आम्ही कार्यकर्ते लोक "मला माहीत नाही" हे वाक्य भाषणात घ्यायला घाबरतो. काका ते पाहुण्यांना दाखवायचे.

मग त्यांची नजर गेली. पूर्ण नाही. समोर जिथे बघावं तिथेच डाग, कडा तेवढ्या दिसतात. ठाण्याच्या डॉक्टरांकडे डोळ्यांत इंजेक्शनं सुरू होती. दारात मी उभी राहिले की म्हणायचे, "कान आले. नाक अजून यायचंय. आंदोलनच दिसतंय." हत्यारं थांबली. पण ग्ल्वार रोज मांडीवर यायची. बोटाचं टोक कठड्यावरून फिरत जायचं आणि काका जहाज वाचत जायचे. "ही शिडी. ही होडी. इथे दार." उजवी बाजूही तशीच वाचायचे. बोटाला पट्टे लागतात कुठे!

सव्वीस जानेवारीसाठी सेक्रेटरींनी ग्ल्वार मागून नेली, झेंड्याखालच्या टेबलावर ठेवायला. काकांनी आनंदाने दिली. झेंडावंदन झालं आणि सेक्रेटरींनी माइक घेतला. "काकांचे डोळे गेले, जहाज अर्धवट राहिलं. आपली सोसायटी म्हणजे एक कुटुंब. कुटुंबाने ते पूर्ण केलंय! काका, सरप्राइज!"

गेट रंगवायला पेंटर आलेलाच होता. गेटचाच निळा ऑइलपेंट, गेटचाच ब्रश. डाव्या बाजूचे पट्टे बघून उजवीकडे ओढलेले. मधल्या जागा पांढऱ्याने भरलेल्या. टाळ्या पडल्या. काकांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्यांनी नारळ माझ्याकडे दिला आणि उजव्या बाजूवर बोट ठेवलं. बोट पुढून मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. रंगाने कठड्यांच्या फटी बुजलेल्या, शिड्या जाड साय धरल्यासारख्या झालेल्या.

"इकडे मला काही दिसत नाही गं," ते हळूच म्हणाले. मग सेक्रेटरींना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "आंदोलन, घरी चल."

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. 'जाणूनबुजून केलेला अपमान! समितीने राजीनामा द्यावा!' काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलेलं, आज तरी शाबासकी मिळेल.

"जाणूनबुजून? तोंड कुठाय?"

"काका, आता पुरे हां! तुमचं जहाज खराब केलं त्यांनी!"

"केलं. पण त्यांना माझी दया आली म्हणून केलं. तसंच लिही." मग म्हणाले, "ते जास्त लागेल."

ते पत्रक मी वाटलं नाही. हे लिहिते आहे. सेक्रेटरींना दया आली. एका माणसाने विचार करून जे मोकळं ठेवलं होतं ते त्यांना अर्धवट वाटलं, आणि विचारायला वर तिसऱ्या मजल्यापर्यंत कोणी चढलं नाही. आज माझं निवेदन ऑफिसात शेवटपर्यंत वाचलं जातं ते या माणसामुळे. घरात राग घेऊन शिरलेल्या मुलीला त्यांनी चहा दिला, सुई धरायला दिली आणि राग न विझवता त्याला टोक काढून दिलं. त्याबद्दल आभार मानायला गेले तर म्हणाले, "भाषण नको. बशी उचल."

उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. बी विंगमधल्या त्या घराला आता कुलूप असतं. जाताना ग्ल्वार त्यांनी माझ्याकडे ठेवली. राखाडी रंगाला धक्का न लावता वरचा ऑइलपेंट निघतो, कापसाच्या काडीने, टर्पेंटाइन जेमतेम लावून, नखाएवढी जागा एका वेळी. मी पुढच्या टोकापासून पहिल्या तोफांपर्यंत आलेय. तिथले कठडे डोळे मिटून बोट फिरवलं तर कळतात. मागचं सगळं अजून निळं-पांढरं आणि गुळगुळीत आहे, आणि रंग दिवसेंदिवस घट्ट होतोय. दिवाळीत काका डोळे दाखवायला ठाण्याला येणार आहेत, तेव्हा ग्ल्वार त्यांच्या मांडीवर ठेवायची आहे. एकटीच्याने होणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला, सेक्रेटरींना, पेंटरदादांना, आणि सोसायटीतले नसूनही इथपर्यंत वाचत आलेल्या तुम्हालाही. हळहळ नको, शाल तर नकोच. वाढलेलं नख कठड्यात अडकतं, आणि तुटलेला कठडा पुन्हा करणारे डोळे आता नाहीत. रविवारी सकाळी माझ्याकडे या, आणि नखं कापून या.